‘डेटा सुरक्षित आहे’ म्हणजे नेमकं काय? साठवणुकीच्या शब्दांविषयी

मूळ प्रश्न

क्लाउड सेवांची करारपत्रं आणि माहितीपत्रकं मराठीत लिहिताना ‘सुरक्षित’ हा शब्द जागोजागी येतो. ड्युरेबिलिटी (डेटा न हरवता, न बिघडता टिकणं) असो, अव्हेलेबिलिटी (डेटा हवा तेव्हा मिळणं) असो, बॅकअप असो किंवा सिक्युरिटी, शेवटी वाक्य तेच होतं: ‘आपला डेटा सुरक्षित राहील.’ यांच्यासाठी वेगवेगळे मराठी शब्द वापरात आहेत का? की मूळ शब्दच देवनागरीत ठेवावेत?

प्रतिसाद १

वेगळे शब्द हवेतच. माझ्या मते या विषयात ‘सुरक्षित’ हा शब्द चोरी, घुसखोरी आणि परवानग्या यांच्यापुरताच राखावा. बाकी ठिकाणी तो वाचणाऱ्याची दिशाभूल करतो, आणि ती महागात पडते.

ड्युरेबिलिटीसाठी मी ‘शाबूत’ म्हणतो, अव्हेलेबिलिटीसाठी ‘उपलब्ध’ किंवा बोलताना सरळ ‘हाताशी’. हा फरक कागदावरचा नाही. अमेझॉनची एस-थ्री ही डेटा साठवण्याची क्लाउड सेवा २००६ साली सुरू झाली. तिची रचना वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के ड्युरेबिलिटी धरून केलेली आहे. म्हणजे एक कोटी वस्तू (फाइली) ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी गमावली जाईल. त्याच सेवेच्या नेहमीच्या वर्गाची अव्हेलेबिलिटी मात्र ९९.९९ टक्के धरलेली आहे, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ५३ मिनिटं डेटा न मिळणं हिशेबात बसतं. पहिला आकडा वाचून ‘सेवा कधीच बंद पडणार नाही’ असा अर्थ काढणारे कितीतरी जण असतात.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी याच सेवेच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात एका कर्मचाऱ्याने आदेश देताना चूक केली आणि ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. साधारण चार तास असंख्य संकेतस्थळं अडली. त्या वेळी डेटा शाबूत होता, पण हाताशी नव्हता. हे वाक्य ‘सुरक्षित’ या शब्दाने लिहून पाहा, जमत नाही.

उलटही घडतं. फाइल झटकन उघडते, पण आतला एखादा बिट नकळत पालटलेला असतो. ती हाताशी आहे, शाबूत नाही. असा बदल पकडणाऱ्या चेकसमला ‘पडताळा’ म्हणावं असं मला वाटतं ते यासाठीच: लिहिताना काढलेली खूण वाचताना पुन्हा ताडून पाहायची.

प्रतिसाद २

ड्युरेबिलिटीला ‘टिकाऊपणा’ हा शब्द आधीपासून आहे, तो का सोडायचा? आणि रेप्लिकेशनला, म्हणजे डेटाची प्रत सतत दुसरीकडे उतरवत राहण्याला, तुम्ही काय म्हणता? ‘प्रतिकृती’ आणि ‘बॅकअप’ हे शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

‘टिकाऊपणा’ चूक नाही. पण तो ऐकला की डिस्क किंवा यंत्र डोळ्यांसमोर येतं. इथे यंत्र टिकाऊ नसलं तरी चालतं. डिस्का मोडणारच हे गृहीत धरून व्यवस्था उभी केलेली असते. रेड (अनेक डिस्का जोडून एकीसारख्या वापरण्याची पद्धत) ही कल्पना १९८८ साली मांडली गेली तीच मुळी स्वस्त डिस्कांच्या जोरावर. टिकायचं ते त्यांच्यावरच्या मजकुराने, म्हणून ‘शाबूत’.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. रेप्लिकेशनची प्रत म्हणजे ‘जुळी प्रत’. एकीवर जे घडतं ते दुसरीवर लगेच घडतं, आणि त्यात चुकून पुसलेलं व खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेलं सगळं आलं. बॅकअप ही ‘राखीव प्रत’. ती मागच्या एखाद्या क्षणाशी थांबलेली असते, आणि तिची किंमत त्या थांबण्यातच आहे. जुळ्या प्रती कितीही वाढवल्या तरी त्यातून एकही राखीव प्रत तयार होत नाही.

राखीव म्हटलं की ती दुसऱ्या जागी हवी, हेही शब्दातच यायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी डेटा केंद्राला आग लागली. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ यंत्रणा जळाली. तिच्यात ८५८ टेराबाइट मजकूर होता आणि बाहेर कुठेही प्रत नव्हती. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या केंद्राला आग लागली तेव्हाही, ज्या ग्राहकांनी वेगळी प्रत ठेवली नव्हती त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. ‘क्लाउडवर आहे’ हे शब्द ऐकून माणसं निर्धास्त होतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. क्लाउड म्हणजे कुठल्या तरी गावातली एक इमारतच असते.

आणखी एक अट घालावी म्हणतो: परत उभी करून न पाहिलेल्या प्रतीला राखीव प्रत म्हणू नये. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याच्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. नेहमीचे बॅकअप मुळात तयारच होत नव्हते, हे तेव्हा कळलं. सुमारे सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) निघाला, म्हणून बाकीचं वाचलं.

प्रतिसाद ३

डेटाला ‘विदा’ आणि क्लाउडला ‘मेघ’ म्हणतात, त्यांचं काय?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून

डेटा आणि क्लाउड रुळले आहेत, राहू द्या. मला शब्द हवा आहे तो इग्रेस फीला. ‘बहिर्गमन शुल्क’ वाचून कुणाच्या लक्षात येत नाही की आपलाच डेटा बाहेर काढायला पैसे पडतात.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

‘उपसा शुल्क’ कसं वाटतं? उपसणं म्हणजे साठ्यातून बाहेर काढणं, आणि जितका उपसा तितकं शुल्क, हे शब्दाबरोबरच येतं. अडचण एकच: पाणी उपसलं की साठा घटतो, डेटा वाचला तरी तिथेच राहतो. मला ही अडचण सोसण्याजोगी वाटते.

मात्र एक भेद सांभाळा. रोजच्या वापरातला उपसा वेगळा आणि पुरवठादार कायमचा सोडताना होणारं स्थलांतर वेगळं. २०२४ च्या सुरुवातीला गूगल, अमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी या शुल्कात माफी दिली ती सेवा सोडून जाणाऱ्यांना. युरोपीय संघाच्या डेटा कायद्यानुसार १२ जानेवारी २०२७ पासून बंद होणार आहे ते पुरवठादार बदलण्याचं शुल्क. रोजच्या उपशाचं शुल्क त्यामुळे जात नाही. दोन्हींना एकच शब्द वापरला तर ‘इग्रेस फी आता रद्द’ असं अर्धवट वाक्य पसरतं, आणि तसं ते पसरलंही आहे.

मूळ प्रश्नकर्ता

एक राहिलं. इम्युटेबल बॅकअपला, म्हणजे बदलता किंवा पुसता न येणाऱ्या प्रतीला, ‘अपरिवर्तनीय’ लिहू, की ‘कुलूपबंद’?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

कुलूप म्हटलं की किल्ली कुणाकडे तरी असते. एस-थ्रीच्या ऑब्जेक्ट लॉक या प्रत पुसण्यापासून रोखणाऱ्या सोयीत दोन प्रकार आहेत. गव्हर्नन्स प्रकारात खास परवानगी असलेला माणूस प्रत पुसू शकतो. त्याला ‘कुलूपबंद’ बरोबर बसतो. कम्प्लायन्स प्रकारात मुदत संपेपर्यंत खात्याच्या मुख्य वापरकर्त्यालाही ती प्रत पुसता येत नाही आणि मुदतही कमी करता येत नाही. तिथे मी ‘मुदतबंद’ लिहीन. व्हायरसने बंद केलेल्या फाइलींना मी वर ‘कुलूपबंद’ म्हटलंय. करारात तिथे ‘ओलीस’ घाला, म्हणजे घोटाळा होणार नाही.