नॅनोक्ले घातल्यावर एमएफआय निम्म्यावर, साचा मात्र भरतोय. असं कसं?

दाणेवाला_भोसरी: पीपी (पॉलिप्रॉपिलीन) ८०, नायलॉन-६ २०, वर दोन्ही जुळवायला थोडं मॅलेइक पीपी. परवा त्यात ३ टक्के नॅनोक्ले (अतिसूक्ष्म पापुद्र्यांची माती) घातली. एमएफआय (वितळलेला माल ठरावीक वजनाखाली किती वाहतो तो आकडा; २३० अंश, २.१६ किलो) ११ वरून थेट ५. साहेब म्हणाले, हा माल साच्यात जायचाच नाही. लावून बघितला तर इंजेक्शन प्रेशर जवळपास पूर्वीइतकंच! आधी नोझलमधून माल ठिबकायचा, तेही बंद. रीडिंग तीनदा काढलंय.

चाकणचा_पक्या: नायलॉन नीट वाळवलं नसेल.

काळी_माती: पक्या, ओलं नायलॉन तुटतं, एमएफआय वाढला असता. इथे उतरलाय.

दाणेवाले, मीटर ठणठणीत आहे. एमएफआयमध्ये माल रांगतो, साच्यात धावतो. क्लेचा पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाड, पण लांबीरुंदी त्याच्या शंभरपट किंवा जास्तच. हे सुटे झाले की ३ टक्क्यांतही एकमेकांना टेकतात, जाळं धरतात. हळू ढकललंत तर जाळं अडवतं, म्हणून ठिबकणं थांबलं. जोरात ढकललंत की पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि वाट देतात.

मी मराठवाड्यातला. आमच्या काळ्या रानात हीच मॉन्टमोरिलोनाइट जातीची माती. पावसात पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून फुगते, मे महिन्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा. पाणी सहज शिरतं, पीपी नाही. म्हणून तुमच्या क्लेला अमोनियमचे लांब शेपटीचे क्षार लावून आणतात. तरी ओढा नायलॉनकडेच. बरीचशी पीपीत पसरलेल्या नायलॉनच्या थेंबांत नि त्यांच्या कडेवर बसते. कडेवरची खरी कामाची: थेंब भेटले तरी मिसळत नाहीत, बारीकच राहतात. पण जास्त ओतू नका. थेंबाच्या पोटात क्ले ठासली की तो कडक होतो, स्क्रूखाली फुटत नाही.

दाणा द्रव नायट्रोजनमध्ये मोडून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघा, क्लेचा आणि बिनक्लेचा शेजारी ठेवून. एमएफआयच्या एका आकड्यावर असा माल नाकारणं मला तरी पटत नाही.

मशीनच्या बॅरलचं तापमान किती?

दाणेवाला_भोसरी: २५०.

काळी_माती: तो अमोनियम क्षार २०० च्या आसपासच तुटायला लागतो. माल आत रेंगाळू देऊ नका.

दाणेवाला_भोसरी: आत्ता उलगडलं. काल मशीन तसंच ठेवून जेवायला गेलो, आलो तर पर्ज (बॅरलमधून काढून टाकलेला माल) पिवळंधमक आणि शेडभर घाण वास. मी मास्टरबॅचवाल्याला शिव्या घालत होतो.