अनुभव धागा: कोयना-वारणेच्या खोऱ्यात भटकताना

कधी जावं, बोट मिळते का, गवा दिसेल का? कोयना, वारणा आणि कृष्णेच्या खोऱ्यात रान बघायला येणाऱ्यांचे प्रश्न दर हंगामात हेच असतात. म्हणून इथल्याच माणसांना लिहायला बोलावलंय. अट एकच, ‘आमची धमाल सहल’ नको. वाट, वेळ, पाणी आणि हमखास होणाऱ्या चुका एवढंच लिहा. दरपत्रक टाकू नका, दोन महिन्यांत जुनं होतं.

पाटणहून

बाकी सगळं नंतर, आधी शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी किती आहे ते बघा. धरणाची साठवण 105 टीएमसी (अब्ज घनफूट). धरणाचा वर्षाचा हिशोब 1 जूनला सुरू होतो. आलेलं पाणी दोन दिशांना जातं. वीज करायला बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला, आणि शेतीसाठी नदीतून पूर्वेला, कराडकडे. पावसाळ्यात भरलेला जलाशय मेपर्यंत खाली खाली जात राहतो आणि तुमची सहल कशी होणार ते त्यावर ठरतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी थेट झाडीला टेकलेलं असतं. बोटीतून उतरलं की चार पावलांवर रान. फोटोला हेच दिवस चांगले, पण जनावर कमी दिसतं, कारण पाणी जिथंतिथं असतं आणि गवत डोक्याइतकं. मार्चनंतर काठाला तपकिरी उघडा पट्टा पडतो. त्यावर कोवळं गवत फुटतं आणि उन्हं कलली की गवे तिथं उतरतात. काठ सोडून बोट संथ चालवायला सांगा आणि दुर्बीण त्याच पट्ट्यावर ठेवा.

त्या पट्ट्यावर चालण्याची एक खोड आहे. गाळ वरून वाळून तडकलेला असतो, खाली मात्र ओला. वरची खपली पायाखाली मोडली की माणूस पोटरीपर्यंत आत, आणि बूट आतच राहतो. जनावरांच्या खुरांचे वाळून टणक झालेले ठसे जिथून गेलेत तिथूनच चाला. गाळ काळपट, चकचकीत दिसला तर वळसा घ्या, मग तो पाव किलोमीटरचा का असेना.

बामणोलीहून

वासोटा किल्ल्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

सातारा ते बामणोली अंदाजे 35 किलोमीटर, यवतेश्वर घाट आणि कास ओलांडून. धुकं नसेल तर सव्वा तास धरा. पहिल्या बोटी सकाळी सुटतात, तेव्हा आठला शिवसागराच्या काठावर हजर असा. क्रम असा: आधी वनखात्याच्या कचेरीत परवानगी, ओळखपत्रं सगळ्यांची, मग बोट क्लबात नोंद, मग लाइफ जॅकेट. बोटीचं भाडं डोईमागे नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. चौघेच आलात तर काठावर दुसरे चार-सहा जण बघा आणि वाटून घ्या. मात्र परतायची वेळ आधीच एकमेकांत ठरवा. गडावर रेंगाळणारे आणि घाई असणारे एका बोटीत बसले की संध्याकाळी काठावर भांडण ठरलेलं.

बोटीनं गडाच्या पायथ्याला, मेट इंदवलीला, एक-दीड तास लागतो. तिथं पिशव्या तपासतात, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजून अनामत घेतात. परतल्यावर तेवढेच नग दाखवायचे. वेफर्सचे दहा पुडे घेऊन येणारे इथंच अर्धा तास घालवतात. भाकरी-चटणी फडक्यात बांधून आणा, पाणी स्टीलच्या बाटलीत घ्या, काम संपलं. पाणी माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. वर टाकं आहे, पण त्याच्या भरवशावर निघू नका.

वाट सरळ आहे. आधी सपाटीवरून दाट झाडी, ओढ्याजवळ मारुती, आणि तिथून खडी चढण. सवय असलेल्याला दीड-दोन तास, नसलेल्याला अडीच-तीन. शेवटच्या टप्प्यात झाडी संपते आणि कारवीतून उघड्यावर चढावं लागतं. अकरानंतर निघालेले नेमके इथं उन्हात सापडतात. वर चुन्याचा घाणा, महादेवाचं देऊळ, बाबूकडा आणि पलीकडे जुना वासोटा. बाबूकड्याला कठडा नाही आणि काठाचं गवत घसरडं आहे. फोटोसाठी मागे-मागे सरकू नका. दोनच्या सुमारास उतरायला लागा. मुक्काम गडावरही नाही आणि रानातही नाही.

शिवाजी महाराजांनी याचं नाव व्याघ्रगड ठेवलं. आता हा सगळा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तरीपण वाघ बघायला म्हणून येऊ नका. शेकरू बघायला या. मारुतीपासून वरच्या टप्प्यात उंच झाडांच्या बारीक फांद्यांच्या टोकाला पानाकाटक्यांचे फुटबॉलएवढे गोळे दिसतील, ती त्याची घरटी. एकच शेकरू अशी तीन-चार बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत कोणी असेलच असं नाही. खडखड असा लांबलचक आवाज आला की थांबा, वर बघा आणि बोलणं बंद करा.

कोयना अभयारण्य साधारण मध्य जून ते मध्य ऑक्टोबर बंद. उघडण्याची तारीख दर वर्षी वनखात्याकडून नक्की करून घ्या.

मेढ्याहून

वरच्यात एक भर. नागेश्वर (गुहेतलं महादेवाचं देऊळ) आणि वासोटा एका दिवसात ‘सहज होतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. धारेवरून जोडवाट आहे, पण गवत वाढलेलं असताना ती दिसत नाही आणि दोन्ही गाठायला पहिली बोट, तयारीची माणसं आणि सोबत वाटाड्या हे तिन्ही लागतं. यातलं एक जरी कमी असेल तर एकच निवडा.

साताऱ्याहून

कासला डिसेंबरात येऊन ‘फुलं कुठायत?’ विचारणारे अजून भेटतात. कास म्हणजे जांभ्याचा सपाट सडा, उंची अंदाजे 1200 मीटर, वर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर. पाऊस पडला की त्यात पाणी साचतं, आटलं की खडक तापतो. या अवधीतच फुलांना सगळं उरकायचं असतं. म्हणून हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, आणि त्यातही दर आठ-दहा दिवसांनी रंग बदलतो. आधी चवर आणि पांढरे गेंद, मग तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, शेवटी सोनकी आणि मिकी माउसचा पिवळा. ‘गालिचा’ हवा असेल तर सप्टेंबरचा मधला काळ धरा, पण सलग चार दिवस ऊन पडलं किंवा सलग मुसळधार लागली तर तोही पुढे-मागे होतो. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे गेल्या वर्षीचा जांभळा फोटो दाखवून यंदा तीच जागा शोधू नका.

सीतेची आसवं नीट बघायची तर उकिडवं बसा. नाजूक निळं फूल वर, आणि खाली ओल्या मातीत टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान पिशव्या. पाण्यातले बारीक जीव त्यांत ओढले जातात. या मातीत नत्र कमी, म्हणून झाडानंच शिकार धरलेली. शेजारीच किडे धरणाऱ्या ड्रॉसेराची लालसर पानं असतात, केसांच्या टोकाला चिकट थेंब. पाऊलवाटेवरूनच बघा. फोटोसाठी फुलांत आडवं पडणारे एका वेळी दीड मीटर गालिचा संपवतात. कॅमेरा लहान उशीवर ठेवला तरी तोच कोन मिळतो.

व्यवहाराचं: आरक्षण आधी ऑनलाइन, कारण रोजची संख्या ठरलेली असते. शनिवार-रविवार टाळा, सकाळी नऊच्या आत पोहोचा. यवतेश्वर घाटात धुकं असेल तर दिवे खालच्या झोतावर. वरच्या झोतात समोर पांढरी भिंत उभी राहते. थांबायचंच असेल तर वळणावर नाही, रुंद जागा बघून. छत्री आणू नका, वारा ती उलटी करून हातात देतो. अंगात घालायचा रेनकोट आणा.

ठोसेघरला बोगद्यावरून, सज्जनगडाचा फाटा ओलांडून जा. धबधबा धुक्यात असेल तर परत फिरू नका, वीस मिनिटं गॅलरीत थांबा, बहुतेक वेळा पडदा सरकतो.

कराडहून

प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळतात. असा संगम सहसा बघायला मिळत नाही. पण पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवरूनच बघा. कोयनेचे सहा वक्र दरवाजे उचलले की इथं पाऊस नसताना पाणी चढतं.

कोयनानगरकडे जाणार असाल तर नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पावसाळ्यातला. पायऱ्या शेवाळतात, म्हणून रबरी तळाचे खाचांचे बूट घाला. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज इथं चपलेपेक्षा वाईट.

शिराळ्याहून

चांदोलीला पुणे-बंगळूर महामार्गावर पेठ नाक्याला वळा, शिराळा, कोकरूड, आरळा करत वारणावतीला या. पेट्रोल शिराळ्यातच भरा, पैसे रोख ठेवा, आणि घरी निरोप आधी द्या, कारण आत फोनला रेंज नाही. राष्ट्रीय उद्यान 2004 पासून, क्षेत्र 317 चौरस किलोमीटर, पण पर्यटकाला त्याचा छोटासा तुकडाच बघता येतो. आत गाडी ठरलेल्या रस्त्यानंच जाते आणि सोबत गाइड असतो. उद्यान आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असतं आणि गाडी कोणती चालते ते आदल्या दिवशी विचारा.

पहिल्या फेरीलाच आत शिरा. झोळंबीच्या सड्यावर सकाळी गवत ओलं असतं तोवर गवे उघड्यावर चरतात. दहा वाजले की झाडीत. इथल्या रानात एक गोष्ट मुद्दाम हेरा: मध्येच आंबा, फणस एका ओळीत, खाली दगडी चौथरा, भोवती मोकळी कुरणं. ती उठलेल्या गावांची जागा. जुनी शेतं गवताळ झाली आणि गवा-सांबराला चराऊ रान मिळालं. गाडी हळू घ्यायची जागा तीच.

ठसे-विष्ठा वाचायला शिकलात तर जनावर न दिसताही फेरी वाया जात नाही. गव्याचा खूर गाईसारखाच, पण चांगला मोठा आणि गोलसर. मेमधल्या अस्वलाच्या विष्ठेत करवंदाच्या आणि जांभळाच्या बिया सापडतात. वाटा जिथं मिळतात तिथं केसाळ विष्ठेचा ढीगच असेल तर ती रानकुत्र्यांची. त्यांचा अख्खा कळप एकाच जागी जातो. बिबट्याची एकटी, वाटेच्या मधोमध, दोन्ही टोकं निमुळती. कुत्रं भुंकल्यासारखा एकच आवाज ठरावीक अंतरानं येत राहिला तर ते भेकर, आणि त्याला काहीतरी दिसलंय. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबायला सांगा.

पायी असताना गवा समोर आला तर किमान पन्नास-साठ मीटर अंतर राखा. त्यानं डोकं वर करून नाकातून फुत्कार टाकला की तुम्ही जास्त जवळ आहात. पाठ न दाखवता, तिरकं मागे व्हा. पिल्लू दिसलं तर आई कुठं आहे ते आधी शोधा, मगच कॅमेरा काढा.

वाईहून

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत. पहिली, आग्या मोहोळ. किल्ल्यांच्या कड्यांवर आणि उंच झाडांवर त्यांची पोळी लटकतात. अत्तर, डिओ लावून येऊ नका, धूर करू नका, पोळ्याखाली ओरडू नका. उठल्याच तर झटकू नका; तोंड-नाक कापडात झाकून, दाट झाडीच्या आडोशानं त्या जागेपासून लांब जा. काटा नखानं खरवडून लगेच काढा. बऱ्याच चावल्या किंवा श्वास जड झाला तर थेट दवाखाना.

दुसरी, जळवा आणि गोचीड. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ओल्या आठवड्यांत जळवा. विजार मोज्यात खोचा, मोज्याला बाहेरून मीठ-तंबाखूचं पाणी लावा. चिकटली तर नखानं कडेनं सरकवून काढा; काडीनं जाळलं तर जखम चिघळते. उन्हाळ्यात गोचीड. गवतातून आलात की त्याच संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली तपासा आणि चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा.

भिलवडीहून

डोंगर सोडून खाली सांगलीकडे आलात तर कृष्णेत मगरी आहेत आणि त्या बघायला तिकीट लागत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी तीन. मगरीला अंग तापवायला ऊन लागतं, म्हणून थंडीत ती मळीच्या, म्हणजे नदीलगतच्या गाळाच्या, काठावर पसरते. तोंड उघडं ठेवून पडलेली मगर चिडलेली नसते, तापमान सांभाळत असते. पलीकडच्या उंच काठावरून दुर्बिणीनं बघा.

फेब्रुवारी-मार्चपासून मादी काठच्या मातीत अंडी घालते आणि तिथून हलत नाही. त्या दिवसांत पाण्यालगत उतरून फोटो घेणं, मोटरीच्या पाइपवरून नदीत चालत जाणं, अंधारात हातपाय धुणं, तिन्ही बंद. पाणी शांत आहे म्हणजे खाली काही नाही, असं नसतं.

कडेगावहून

लहान मुलं, म्हातारी माणसं सोबत असतील तर सागरेश्वर. पावणेअकरा चौरस किलोमीटर, कुंपण घातलेलं, उघड्या माळावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं रान. सांबर, चितळ, काळवीट हमखास. देवळांपाशी पाणी आणि सावली आहे, अभयारण्यात वरच्या अंगाला सावली नाही. एप्रिल-मेमध्ये साडेचारनंतरच चढा आणि पाणवठ्याजवळ, वारा जनावराकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसा. पांढरा शर्ट घालून बसलात तर काळवीट लांबूनच वळतं.

पाटणहून (पुन्हा)

मेअखेरीला आलो तर काय सांभाळायचं, असं विचारलंय म्हणून लिहितो. वळीव रोज दुपारी तीन-चारला चढतो. सड्यावर असाल आणि पश्चिमेला काळं झालं तर गडगडाटाची वाट बघू नका. एकट्या झाडाखाली थांबू नका, काठी-ट्रायपॉड खाली ठेवा, सखल जागेला उतरा. बोटवाला ‘आत्ता निघू’ म्हणाला तर निघा. वारा सुटल्यावर शिवसागरात लाटा आडव्या येतात आणि बोट काठाला लावायला दुप्पट वेळ जातो.