'गेटिंग थिंग्ज डन' आणि 'व्हाय नेशन्स फेल': नेमकं काय घ्यायचं?

पानवाचक: आमच्या वाचनगटाने ही दोन पुस्तकं लागोपाठ घेतली आहेत: पहिलं डेव्हिड ॲलनचं, कामांच्या याद्या आणि नियोजनाबद्दल; दुसरं असेमोग्लू आणि रॉबिन्सन यांचं, काही देश गरीब का राहतात याबद्दल. पहिल्याबद्दल बहुतेकांची तक्रार एकच: याद्या उत्साहाने सुरू होतात आणि तिसऱ्या आठवड्यात बंद पडतात. दुसऱ्यावरचा वाद असा: माणसं मेहनती असली की देश वर येतोच, मग संस्थांचं (म्हणजे देशातले कायदे, नियम, राज्यव्यवस्था यांचं) एवढं काय? जाणकारांनी सांगावं.

खडूफळा: याद्या बंद पडतात कारण त्यांत काम नसतं, विषय असतो. 'आईची पॉलिसी' असं लिहिलं की ती ओळ वाचताना दर वेळी नव्याने विचार करावा लागतो, म्हणून ती टाळली जाते. डेव्हिड ॲलनचा सगळा भर पुढच्या प्रत्यक्ष कृतीवर आहे: 'एजंटला फोन करून नॉमिनी बदलायचा फॉर्म मागवणे'. जी ओळ क्रियापदाने संपत नाही, ती यादीत ठेवूच नका. एकाहून जास्त पायऱ्यांची कामं वेगळ्या यादीत लिहा आणि त्या प्रत्येकाची एक तरी पुढची कृती चालू यादीत हवी.

दोन मिनिटांचा नियमही (दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरकायचं) हमखास चुकतो. तो नवीन आलेल्या गोष्टी निवडायला बसता तेव्हासाठी आहे. दिवसभर लावलात तर महत्त्वाचं काम राहूनच जातं. कॅलेंडरमध्ये फक्त त्याच तारखेला व्हायलाच हवं ते लिहा. आणि साप्ताहिक आढावा चुकवू नका. त्यात झालेली कामं खोडायची, मागचा-पुढचा आठवडा पाहायचा, कोणाकडून काय यायचं आहे ते तपासायचं. दोन आढावे बुडाले की यादीवरचा विश्वास उडतो आणि सगळं पुन्हा डोक्यात साठायला लागतं.

मुक्ता_वाचते: मेहनतीच्या मुद्द्याला 'व्हाय नेशन्स फेल'च्या सुरुवातीलाच उत्तर आहे. नोगालेस शहराच्या मधून कुंपण जातं. उत्तरेला अमेरिकेचं ॲरिझोना, दक्षिणेला मेक्सिकोचं सोनोरा. हवा तीच, पूर्वज तेच, तरी दक्षिणेकडच्या कुटुंबाचं उत्पन्न उत्तरेच्या साधारण एक तृतीयांश. फरक पडतो तो कर्ज मिळतं का, धंदा टाकायला लाच लागते का, सरकार मतांनी बदलता येतं का, यामुळे. दोन्ही कोरियांचंही तसंच. असेमोग्लू आणि रॉबिन्सन यांना सायमन जॉन्सनसह २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी.

सातबारा: निदान बरोबर आहे, पण उपाय त्यात फारसा सापडत नाही. त्यासाठी जो स्टडवेलचं 'हाऊ एशिया वर्क्स' हे आशियातले काही देश कसे वर आले यावरचं पुस्तक जोडीला घ्या. तैवानने १९४९ मध्ये कुळाने जमीनमालकाला द्यायच्या खंडाची मर्यादा मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणली. १९५३ मध्ये मर्यादेबाहेरची जमीन (मध्यम भातजमिनीला साधारण ३ हेक्टर) सरकारने घेऊन कुळांना दिली. किंमत वार्षिक पिकाच्या अडीचपट, फेड १० वर्षांत. जमीनमालकांना ७० टक्के मोबदला भात-रताळ्यांच्या रोख्यांत आणि ३० टक्के सरकारी कंपन्यांच्या शेअर्समध्ये मिळाला. जास्तीचं पीक आता कुळाच्याच घरी राहणार होतं, म्हणून मेहनत वाढली.

आपल्याकडचा पुरावाही पाहा. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये दाखवलं की ब्रिटिश काळात जमीनदारांकडे शेतसाऱ्याची वसुली होती ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीतली गुंतवणूक आणि उत्पादकता यांत मागे राहिले. मुंबई इलाख्यात मुख्यतः रयतवारी (जमीनदाराऐवजी थेट शेतकऱ्याकडून वसुली) होती, म्हणून गटातल्या चर्चेत तो अभ्यास अवश्य घ्या.