१ नोव्हेंबरला गावचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद ठेवावा का?

खानापूरकर
१ नोव्हेंबर जवळ आला. बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, सीमाभागातल्या आपल्या मराठी लोकांचा काळा दिवस, आणि ग्रुपवर बसला काळं फासल्याचे व्हिडिओ. माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या ग्रुपांनी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून २ तारखेच्या सकाळपर्यंत फक्त ॲडमिननाच लिहू द्यावं. ग्रुपच्या नावावर टॅप करा, परवानग्यांत जा, सदस्यांचं संदेश पाठवणं बंद करा. ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं बसतात. एवढ्यांत एक भडक व्हिडिओ पडला की ॲडमिननं फोन उघडेपर्यंत तो शेजारच्या गावात पोचलेला असतो.

निपाणीची वाचक
अजिबात पटलं नाही. कुलूप लावलं म्हणून व्हिडिओ थांबत नाही, तो पोरांच्या वेगळ्या ग्रुपवर जातो, आणि तिथं "अरे, हा जुना आहे" म्हणणारं मोठं माणूस कुणी नसतं. शिवाय त्या दिवशी लोकांना ग्रुप लागतो. कोल्हापूरची एसटी कोगनोळीच्या पुढं येते का, चंदगडची गाडी सुटली का, हे विचारायचं कुठं?

ग्रुप उघडा ठेवा, पण पहारा ठेवा. नवे सदस्य ॲडमिनच्या मंजुरीशिवाय आत येणार नाहीत, ही सोय आठवडाभर आधी चालू करा. तीन-चार ॲडमिननी दोन-दोन तास वाटून घ्या. व्हिडिओ आला की आधी बघा, वर दुहेरी बाण आहे का. असला तर तो हातोहात फिरून आलाय, पाठवणाऱ्यानं काढलेला नाही. मग गाडीची पाटी वाचा: केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी. पाटी भलत्याच जिल्ह्याची असली तर ठिकाण विचारल्याशिवाय ठेवू नका. मग मागचं शेत बघा. खानापूर भागात तेव्हा भात पिवळं पडून कापणीला आलेलं असतं. रोप लागणीचं पाणी भरलेलं शेत दिसलं तर व्हिडिओ पावसाळ्यातला, लगेच काढा.

कोर्टाजवळचा
दोघांनीही कायदा सोडला. सदस्यानं टाकलेल्या मजकुराला, संगनमत असल्याशिवाय, ॲडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं. पण आपण कर्नाटकात, आपलं खंडपीठ कर्नाटक उच्च न्यायालयाचं, धारवाडचं. नागपूरचा निकाल तिथं दाखवता येतो, बंधनकारक नसतो. दुसरं, दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसायची सोय ॲडमिनला २०२२ मध्ये मिळाली, म्हणजे त्या निकालानंतर. "माझ्या हातात काय होतं?" हा बचाव आता तेवढा भक्कम राहिलेला नाही. धमकी असेल तर पुसायच्या आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या.

शहापूरचा
पुसल्यावर कोणत्या ॲडमिननं पुसलं ते सगळ्यांना दिसतं. तिथंच भांडण पेटतं की! म्हणून लगेच खाली कारण लिहा: "जुना व्हिडिओ, ठिकाण चुकीचं, काढला." पेठेतल्या, कॉलनीतल्या ग्रुपवर हे कन्नडमध्येही लिहा आणि एक ॲडमिन कन्नड बोलणारा घ्या. मराठी ॲडमिननं कन्नड माणसाचा संदेश गुपचूप काढला की तो भाषेचाच वाद होतो, मग कारण कितीही रास्त असो.

खानापूरकर
ताई, दिवसाचा पहारा ठीक आहे. रात्री अकराला कोण जागं बसणार? दारू पोटात गेल्यावरच निम्मे संदेश पडतात. निदान रात्री दहा ते सकाळी सहा बंद हवंच.

निपाणीची वाचक
रात्रीचं मान्य, अण्णा. दिवसाचं नाही. आणि कुलूप लावायच्या आधी ११२ आणि जागा असणाऱ्या ॲडमिनचा नंबर वर पिन करा. पिन करताना मुदत विचारतात: २४ तास, ७ दिवस की ३० दिवस. ७ घ्या. २४ तासांचा ३१ तारखेला दुपारी लावलेला पिन १ तारखेच्या रात्री, नेमका हवा तेव्हा, गेलेला असतो.