अनुभव धागा: माणसं सांभाळताना (दुकान, भट्टी, प्रेस, काहीही चालेल)

सेववाले_इंदूर: काल दुपारी गल्ल्यावर बसलो होतो, तर समोर लग्नाची पत्रिका आणि पेढे. ठेवणारा माझा जुना कारागीर. झाऱ्यावर तळव्याने घासून सेव पाडायचा, काय हात होता! १२ वर्षांपूर्वी दिवाळीला आठ दिवस असताना १५ हजारांची उचल घेऊन गेला, तो कालच दिसला. त्या दिवाळीत मीच झाऱ्यावर बसलो. गिऱ्हाईक म्हणालं, "भिया, ये सेव है कि गाठिया?"
उचलीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. देवासला स्वतःची भट्टी टाकली आहे म्हणे. मुलीचं लग्न. जाताना हळूच, "सेठजी, कोई अच्छा कारीगर हो तो बताना, मेरा वाला भाग गया."
तुमचेही येऊ द्या.

रामबागची_सून: पेढे खाल्ले का?

सेववाले_इंदूर: खाल्ले. १५ हजारांचे होते, टाकतोय कशाला.

ऑफसेटकाका: रंगपंचमीला "फक्त दोन तास या" म्हणायची चूक एकदाच केली. पाचांतला एक आला, तोही राजवाड्यावर गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघून, नखशिखांत गुलाबी. हात धू म्हटलं, धुतले म्हणाला. दीडशे पत्रिकांवर गुलाबी अंगठे. नवरीकडचे आले, मी घाबरून बसलेलो. त्यांनी तशाच उचलल्या, शुभ दिसतंय म्हणाले.

रामबागची_सून: काका 😂 रंगपंचमीला इंदुरात माणूस कामाला बोलावणारे तुम्हीच!

शिलाईताई_बडोदा: आमच्याकडे नवरात्राआधीचे १५ दिवस. कारागीर पीसवर. शेजारच्याने चणिया-चोळीला २० रुपये जास्त सांगितले की सकाळी मशीन रिकामी. आधी भांडायचे, आता दुपारचं जेवण घरून नेते. एक पोरगा केवळ आमटीसाठी टिकलाय असा माझा पक्का संशय आहे. चिंच-गूळ कमी पडला की लगेच "बेन, आजे केम फिक्की?" थांबा, कुकर.

भट्टीवरचा: आमच्याकडे नऊ माणसं. वडील दहावा घेतच नसत, १० झाले की ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागेल म्हणून. मग एकाच्या हातावर कढईतलं तेल आलं, कोपरापर्यंत. दवाखान्याचं बिल आम्हीच भरलं, त्यात वाद नव्हता. पण दीड महिना तो घरी, त्याचा पगार द्यायचा का, यावर वडील आणि मी ताटावरून उठलो. शेवटी अर्धा दिला. बायको न्यायला आली, नोटा मोजल्या, काही बोलली नाही. आता दहावा घेतलाय. २१ हजारांपर्यंतच्या पगाराला कामगाराचे ०.७५ टक्के, आपले मालकाचे ३.२५. माझ्याकडे महिन्याला जेमतेम दोन डबे तेलाचे पैसे. एवढ्यासाठी इतकी वर्षं टाळलं.

ऑफसेटकाका: वडील काय म्हणाले नंतर?

भट्टीवरचा: काही नाही. त्याला बघायला जाऊन यायचे, मला न सांगता. डबा घेऊन.

नवीन_दुकान: मला एकच पोरगा आहे मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानात, तोही दिवसभर रील बघतो. उपाय सांगा.

रामबागची_सून: तुम्ही आत्ता काय करताय?

नवीन_दुकान: 🙏

सेववाले_इंदूर: भट्टीवरचा, तुमचं वाचून एक लिहितो, वर गाळलं होतं. पळायच्या आदल्या दिवशी त्याने सुट्टी मागितली होती, आई आजारी होती. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. उचल त्याने मागितली नव्हती, तोंड बंद करायला मीच काढून दिली होती.

शिलाईताई_बडोदा: अरे देवा. आई?

सेववाले_इंदूर: विचारायचं धाडस झालं नाही. पत्रिकेत वडिलांच्या आणि आईच्या, दोघांच्या नावाआधी "स्व." आहे.

ऑफसेटकाका: लग्नाला जा हो.

सेववाले_इंदूर: जातोय. कारागीरही बघतोय त्याच्यासाठी. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा, झाऱ्याचा हात हवा, मशीनवाला नको.

रामबागची_सून: आणि लवंग सेवेला मोहन किती घालता ते सांगा जाता जाता. माझी कडक होते.