छोट्या कंपनीचं वार्षिक फायलिंग कमी पैशात कसं बसवायचं? (नागपूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबट आहे, पण जाणकारांनी वाचावं.

मी आणि माझा साळा हिंगणा एमआयडीसीत कूलरच्या बॉडी बनवतो. एका कॉलेजच्या खरेदीवाल्यांनी "प्रायव्हेट लिमिटेड असाल तरच ऑर्डर" म्हटलं, म्हणून तीन वर्षांपूर्वी कंपनी काढली. ऑर्डर एकदाच आली, कंपनी गळ्यात राहिली.

अधिकृत भांडवल १ लाख, गेल्या वर्षीची उलाढाल साडेअकरा लाख. आमचा धंदा होळीपासून मृगापर्यंत. सप्टेंबरात, नेमकी वार्षिक सभा घ्यायच्या वेळी, खात्यावर खडखडाट असतो.

यंदा दोन ठिकाणी विचारलं. एकाने हिशेब लिहिणं, ऑडिट, एओसी-४ (ताळेबंद सरकारकडे भरायचा फॉर्म), एमजीटी-७ए (छोट्या कंपनीचं वार्षिक विवरण) आणि आयटीआर-६ (कंपनीचं आयकर विवरण) मिळून २८,००० सांगितले. दुसऱ्याने फोनवरच १०,००० म्हटले, "बिलं राहू द्या, बँक स्टेटमेंट टाका, सही होऊन जाईल." स्वस्त आहे, पण बिलं न पाहता सही कशावर करणार, हे मला कळेना.

मागच्या वर्षी साळ्याच्या डीएससीची (डिजिटल सहीची) मुदत संपलेली, हे तिचं यूएसबी टोकन लॅपटॉपला लावल्यावर कळलं. नवीन काढून एओसी-४ भरेपर्यंत ४२ दिवस उशीर. मूळ फी ३०० रुपये, दंड रोजचे १०० प्रमाणे ४,२००. बायको अजून ऐकवते.

टॅलीत नोंदी मीच करतो. पत्र्याची बिलं पक्की आहेत. पण डिझेलच्या पावत्या खोक्यातून काढल्या तर अर्ध्या पांढऱ्याफटक, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला तेव्हा कुठे आकडे दिसले. शिवाय गेल्या वर्षी माझी एफडी मोडून १,४०,००० कंपनीत टाकलेत. ते टॅलीत नुसते 'लोन' म्हणून पडलेत.

साळा म्हणतो, काहून ओढत बसायचं, बंद करून टाकू. पण त्यालाही एसटीके-२ ची (कंपनी बंद करायच्या अर्जाची) १०,००० फी आहे, आणि आधीचं फायलिंग पूर्ण लागतंच. तर यातलं मी स्वतः काय करू शकतो, आणि पैसे कुठे वाचवू नयेत?

प्रतिसाद:
भाऊ, १०,००० वाल्याचा नाद सोडा. उलाढाल शून्य असली तरी कंपनीला ऑडिट आहेच, आणि ताळेबंदावर तुमच्याही सह्या असतात.

२८,००० वाल्यालाही एक विचारा: हिशेब कोण लिहिणार? कंपनीचा ऑडिटर तिचे हिशेब लिहू शकत नाही, कंपनी कायद्याचं कलम १४४ आहे. तुम्ही टॅली स्वतः करताच, मग तो भाग कोटेशनमधून काढायला लावा. बँकेशी ताळा जुळवून, घेणे-देणे यादी काढून दिली तर रक्कम नक्की उतरते. छोट्या कंपनीला कॅश फ्लो स्टेटमेंट (रोख आली-गेलीचा तक्ता) लागत नाही. एमजीटी-७ए वर सीएसचं (कंपनी सेक्रेटरीचं) प्रमाणपत्र लागत नाही, डायरेक्टरच्या डीएससीवर जातो. तो घरी बसून भरा.

सभा ३० सप्टेंबरला धरली तर एओसी-४ ला ३० ऑक्टोबर, एमजीटी-७ए ला २९ नोव्हेंबर. दोन्ही डीएससी आजच तपासा.

तुमच्या १,४०,००० चं मात्र मनावर घ्या. डायरेक्टरचे पैसे ठेव धरत नाहीत, पण ते उसने आणलेले नाहीत असं लेखी द्यावं लागतं, आणि ३१ मार्चला बाकी असतील तर ३० जूनपर्यंत डीपीटी-३ (कंपनीने घेतलेल्या ठेवी-कर्जाची माहिती देणारा फॉर्म) भरायचा असतो. भरलाय का? उशिराची फी मूळ फीच्या १२ पटीपर्यंत चढते.

धागाकर्ता:
डीपीटी-३ हे नावच आज ऐकलं राजेहो. भरलेला नाही. एफडी मोडल्याची बँकेची पावती सापडली, ती लेखी पत्राला जोडून ठेवतो. आणि माझ्या डीएससीची मुदत ११ ऑक्टोबरला संपते आहे.