उत्तर: जुनी कंबरदुखी आणि पट्टा

वर कुणीतरी लिहिलंय, जुनी कंबरदुखी असेल तर पट्टा बांधून पडून राहा. माझा अनुभव नेमका उलटा. दोन वर्षं पट्टा बांधून फिरले. कंबर होती तशीच, वाकायची धास्ती तेवढी बसली. (तीन महिन्यांहून जुन्या दुखण्याला पट्टा नको, व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या सूचनांतही आहे.)

नाशिकच्या गंगापूर रोडला ज्या फिजिओताईंकडे गेले, त्यांनी मशीन लावलंच नाही. विचारलं, "घरात नक्की काय करताना दुखतं?" म्हटलं, पाण्याची बादली उचलताना. मग तोच व्यायाम! आधी रिकामी बादली. पाय थोडे फाकवायचे, गुडघे सैल, बूड मागे ढकलत वाकायचं, बादली अंगाला धरून श्वास न कोंडता उठायचं. आठवड्याने त्यात दोन तांबे पाणी. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता दहादा ऊठबस. सुरुवातीला ठणकायचं, पण सकाळपर्यंत उतरायचं. तेवढं चालतं म्हणाल्या. तीन महिन्यांनी पांडवलेणी चढले, उतरताना मात्र कठडा धरून.

जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर बादलीबिदली राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.